पंधरा सयाजीराव

त्या रविवारी सत्यवती पार्सेला पोचली तेव्हा गोकुळदास शेट सोप्यावर बसून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातले राजे एकेक करून बाहेर काढत होते. निजामाचा चारमिनार आधीच उन्हात येऊन बसला होता. त्याच्या शेजारी होळकरांचा सूर्य, कच्छचं कोरी नावाचं नाणं, आणि उदयपूरचा तो रुपया, ज्यावर महाराण्यानं स्वतःचं नाव न घालता ‘दोस्ति लंधन’ असं कोरून घेतलं होतं.

“राज्य ह्याचा, चांदी ह्याची, टांकसाळ ह्याची,” गोकुळदास दर वेळी म्हणत, “आनी नाण्यार नाव कोणाचा? लंडनच्या दोस्तीचा! जेवण आपण घालूचा आनी पंगतीत शेजाऱ्याक बसवचा, तसा जाला ह्या.”

हे वाक्य सत्यवतीनं वयाच्या सहाव्या वर्षापासून ऐकलं होतं. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, डिचोलीच्या वाचनालयात ग्रंथपाल होती, आणि महिन्यातून दोन रविवार म्हापशाला बस बदलून वडलांकडे येत होती. हसायचं कुठे, हे तिला पाठ होतं. ती हसली.

गोकुळदासांचं पेडण्याच्या बाजारात चांदीकामाचं दुकान होतं. गोवा मुक्त झाल्यावरच्या वर्षांत लोकांनी घराघरांतून जुनी चांदी बाहेर काढली. सिंधुदुर्गातून खाणींवर कामाला आलेली माणसंही, आजा-पणजानं कुठल्या कुठल्या संस्थानांत चाकरी करून आणलेले रुपये रुमालाच्या गाठीत बांधून आणीत. पैंजण करा, तोडे करा, निरांजन करा. गोकुळदास मूस तापवीत, रुपया हातात घेत आणि तिथंच अडकत. इंग्रजांनी या राजांच्या टांकसाळी एकामागून एक बंद केल्या, मग राज्यंही गेली. आता नाण्यावर उरलेल्या तोंडालाही आपणच आग दाखवायची, हे त्यांच्यानं होईना. ते वजनाइतकी चांदी आपल्या पेटीतून घालीत, गिऱ्हाइकाला पैंजण देत आणि राजाला डब्यात ठेवीत. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगत नसत. अशा रीतीनं दुकान बंद होईपर्यंत डब्यात तेवीस राजे जमले, आणि दुकानाची कौलं शेवटपर्यंत गळतच राहिली.

नाण्याची पारख डोळ्यांनी करू नये, कानानं करावी, हा गोकुळदासांचा कायदा. त्यासाठी एक काळा गुळगुळीत दगड होता. वीतभर उंचीवरून नाणं त्यावर सोडायचं. “खरी चांदी बोलता आनी वेळार गप जाता,” ते सांगत. “खोटी नुसती बडबडता.”

सत्यवती आठ वर्षांची असताना त्यांनी दोन रुपये टाकून विचारलं होतं, यातला खरा कुठला? तिला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण दुसऱ्या नाण्याच्या वेळी वडलांची डावी भुवई तांदळाच्या दाण्याइतकी वर गेली. ती म्हणाली, “दुसरा.” संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेडणे बाजाराला कळलं की गोकुळशेटाच्या चेडवाला कान आहे. त्यानंतर खरं सांगायला फार उशीर झाला होता. एकदा बापाला सगळ्या बाजारात मोठं केल्यावर लहान कसं करणार? तिनं दगडाकडे कधी बघितलं नाही, भुवईकडे बघितलं. पुढे आयुष्यभर तिनं पुस्तकंच वाचली, पण वाचायला ती शिकली त्या भुवईवर.

अलीकडे ती भुवई हलेनाशी झाली होती. वय, असं सत्यवतीला वाटे. ती अंदाजानं काहीही सांगे, आणि नवल म्हणजे गेल्या दहा वर्षांत तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. दर वेळी “शाबास!”

त्या रविवारीही त्यांनी रुपया दगडावर सोडला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. तेवढ्यात रस्त्यावरून पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत गेला. आत्या, म्हणजे गोकुळदासांची धाकटी बहीण प्रभावती, आतून धावत आली.

“अरे गोकुळा, पोदेर दारावयल्यान गेलो! हांक मारूक जाय नाय? आता चायबरोबर काय, तुझे राजे खातलंस?”

“व्हय, बरो आसा,” गोकुळदास प्रसन्नपणे म्हणाले.

“बघ गो सत्या. नाण्यात बसलो की ह्याका जग नाय.”

सत्यवती म्हणाली, “खरो, बाबा.”

“शाबास!” त्यांनी तो रुपया उचलून तिच्या तळहातावर ठेवला. “ह्यो बडोद्याचो. सयाजीराव. ह्यो आपलो नाय, लाटंबार्सेच्या भिकाजी परबाचो.”

भिकाजीनं पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मुलीच्या पैंजणांसाठी तो आणला होता. त्याचा बाप बडोदा संस्थानात पागेवर चाकरीला होता; त्याच्या पहिल्या पगारातला तो रुपया. गेल्या जत्रेत भिकाजी भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, बापाचा एकच जिन्नस घरात होता, तोही मी वितळवला. तेव्हा गोकुळदासांनी पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाला आपलं गुपित सांगितलं.

“पंधरा दिसांनी रविवारी येतलो तो. नातीचा लगीन आसा, तिच्या ओटीत घालतलो. तू आस हां तेवां. नाद आयकून, खात्री करून तुझ्या हातान दी. डोळ्यांचो काय भरवसो नाय.”

“बाबा, माका एक सांगूचा होता...” सत्यवती म्हणाली. का कोण जाणे, त्या दिवशी ते ओठांपर्यंत आलं होतं. पण वडील चारमिनार फडक्यात गुंडाळण्यात गढले होते, त्यांनी मान वर केली नाही. साडेचारची बस चुकली असती. ती म्हणाली, “येतंय मगे,” आणि निघाली.

सोमवारी दुपारी जेवून आडवे झालेले गोकुळदास उठले नाहीत.

दहाव्या दिवशी पिंड ठेवला, आणि भटजींचा हात मागे जायच्या आत कावळा येऊन शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काही इच्छा राहिली नव्हती हो, समाधानी जीव, असं जो तो म्हणाला. सत्यवतीला मात्र थोडा राग आला. दुसऱ्यांच्या घरी कावळा तासभर ताटकळवतो, लोकांना काय काय कबूल करायला वेळ मिळतो. इथं तिला तोंड उघडायलासुद्धा फुरसत दिली नाही.

बारावं आटोपलं. शनिवारी सकाळी रजेचा अर्ज देण्यासाठी ती डिचोलीला गेली आणि तीन वाजता परत आली, तर अंगणात घर उलटं करून ठेवलेलं. सुतक फिटलं की घरातली प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे, यावर आत्याची इतकी श्रद्धा होती की तिनं देवघरापासून मुसळापर्यंत काही सोडलं नव्हतं. तुळशीजवळ सुपात चांदीसारखं काहीतरी लखलखत होतं.

“आत्ये, ह्या काय?”

“नाणी गो. चिंचेच्या पाण्यात घालून राखेन घासलंय. काळीठिक्कर पडलली. सुतकातली चांदी न धुता कशी ठेवतलंय?”

सत्यवती सुपाजवळ बसली. डब्यात तेवीस नाणी होती. सुपात ऐंशीच्या वर होती.

“इतकी खंयची?”

“डब्यातली, आनी बाबलीच्या पिशवेतली. सगळी एकाच टोपात घातलंय. पाणी कित्याक दोनदा तापवू?”

बाबली हा आत्याचा मुलगा. त्याचं हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांसाठी जुन्या वस्तूंचं दुकान होतं. जुन्या वस्तू नव्यानं बनवून येत, आणि त्यातली संस्थानी नाणी ठेवायची पिशवी मामाच्या डब्याशेजारीच फळीवर असे.

“आनी बाबांनी प्रत्येकाभोवती कागद गुंडाळललो? त्यावर लिहिललां सगळा?”

“ते कागद न्हाणयेतल्या चुलीत घातलंय. पाणी कशार तापवतलंय, सांग तू?”

आयुष्यभर ज्या बाईनं पुस्तकांवर क्रमांक चिकटवले तिनं हे ऐकून फक्त डोळे मिटले. मग उघडले आणि सुपातले सयाजीराव वेचायला घेतले. सात निघाले. सगळ्यांचा फेटा सारखाच, मिशा सारख्याच, मागे ‘एक रुपया’ आणि खाली तलवार.

“बाबलीकडे सयाजीराव किती होते?”

“माका काय ठावक? दुपारी येवन मूठभर घेवन गेलो तो. म्हणी, आवय, तू काय चकचकीत केलंस गो, आज माल खपतलो!”

भिकाजी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

रिक्षा करून सत्यवती हरमलला पोचली तेव्हा बाबली एका टोपीवाल्या पाहुण्याला चारमिनार दाखवीत होता. तिनं तो आधी काढून घेतला आणि मग त्याला काय झालं ते सांगितलं. बाबलीनं उरलेले सयाजीराव वेगळे काढले.

“ताय, माझ्याकडे चौदा सयाजीराव होते. मामाचो एक म्हणजे पंधरा. हंय सात आसत.” त्यानं बोटं मोजली. “आनी एक विकलंय.”

“खरो की खोटो?”

“ता माका कसा कळतला? आवयेन सगळ्यांक एकसारखे केल्यान! बारा वर्सां धंदो करतंय, आज पयल्यांदा भिया वाटता, खरो माल विकलंय की काय.”

विकलेला रुपया एका उंच, पिकल्या केसांच्या परदेशी बाईनं घेतला होता. ती चार घरं पलीकडे खोली घेऊन राहत होती आणि पत्र लिहीत बसली होती. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं सयाजीरावांना त्यावर बसवलं होतं. बाबलीनं विनवलं, “मॅडम, मिस्टेक. गिव्ह बॅक, मनी बॅक.” बाई हसून नाही म्हणाली. ज्या अर्थी विकणारा धावत परत मागायला आला त्या अर्थी वस्तू भारी, हा तिचा हिशेब सरळ होता. शेवटी बाबलीनं होळकर आणि ग्वाल्हेरकर असे दोन देऊन एक सयाजीराव सोडवून आणला.

“ताय, ते दोघय माझेच होते मगे? मामाचे नाय?”

डब्यातला वडलांचा होळकर तिला एका बाजूनं झिजलेला आठवत होता, आणि हे दोघे गोल गरगरीत होते. “तुझेच,” ती म्हणाली. बाबलीला इतका आनंद झाला की त्यानं खोटा माल विकल्याबद्दल देवाला हात जोडले.

घरी येऊन तिनं वडलांचा तराजू काढला. बाबलीचा माल बनवणारा माणूस फारच सचोटीचा निघाला. खोटी नाणी त्यानं तंतोतंत खऱ्या वजनाची केली होती. कसोटीवर हलकेच ओढ द्यावी तर सगळ्यांच्या अंगावरचा मुलामा चांदीचाच, आणि जोरानं घासावं तर भिकाजीच्या बापाचा रुपया चिरला जाणार. भिंग लावून तिनं पंधराही चेहरे बघितले. पंधराही सयाजीराव गंभीर होते.

“पेडण्याच्या दुसऱ्या शेटाक दाखवूया?” बाबली म्हणाला.

“शिरां पडो तुझ्या तोंडार!” आत्या कडाडली. “माझ्या भावाचा बारावा काल जाला, आनी त्याचा नाणा पारखूक आम्ही दुसऱ्याच्या पायरेर जावचा? आनी कित्याक? आमची सत्या आसा मगे घरात. बापायचो कान उचललोहा तिणे. गोकुळा सगळ्या गावाक सांगत फिरी.” मग तिनं आवाज उतरवला. “भिकाजीक मात्र ह्यातला काय सांगा नकात. म्हणतलो, शेट गेलो आनी घरान माझो रुपयो भांड्यात धुतल्यान.”

सत्यवतीनं पंधराही नाणी रुमालात बांधली.

रविवारी दहाच्या सुमारास भिकाजी परब तीन बस बदलून आला. खाणीच्या ट्रकांवर आयुष्य काढलेला, वाकलेला, सत्तरीपुढचा माणूस. हातात काजूंची पुडी आणि कोरा लाल रुमाल. तो सोप्यावर बसला, गोकुळदासांच्या रिकाम्या पाटाकडे बघून त्यानं हात जोडले. मग म्हणाला, “बाय, माझो बापूस घोड्यांची पागा झाडी. त्याचो फोटो नाय, सही नाय. ह्यो एक रुपयो. तो मीच दिलंय वितळवूक. चाळीस वर्सां ह्या खाल्ला माका. तुझ्या बापायन जत्रेत सांगल्यान तेवां मी थंयच रस्त्यार बसलंय.”

सत्यवतीनं रुमाल सोडला. पंधरा सयाजीराव काळ्या दगडाशेजारी रांगेत लागले. भिकाजीनं त्यांच्याकडे बघितलं, मग आत्याकडे.

“इतके?”

“गोकुळाची रीत ती,” आत्या घाईनं म्हणाली. “बऱ्या नाण्याक एकट्याक ठेवी नाय. तू बघ आता. सत्या नुसतो नाद आयकून काढतली. चाय घेतलंस?”

“मगे घेतंय. आधी बायचा होवंदे.”

सत्यवतीनं पहिला रुपया वीतभर वरून सोडला. तो वाजला. दुसरा वाजला. तिसराही वाजला, आणि तिच्या कानांना तिन्ही एकाच आईची लेकरं वाटली. चौथ्याला सवयीनं तिनं पाटाकडे बघितलं. पाट रिकामा होता, भुवई नव्हती. मग आत्याकडे बघितलं, तर आत्या देवाचं दर्शन घ्यावं तशी तिच्याकडे बघत होती. बाबली नखं खात होता. सातवा, आठवा. तिला कळून चुकलं की पंधरावा पडला की तिला एक उचलावा लागेल. चौदा वेळा तो खोटा असेल, आणि एका म्हाताऱ्याच्या बापाच्या जागी हरमलचा पत्रा नातीच्या ओटीत जाईल. नाहीतर तोंड उघडावं लागेल, आणि मग गावभर ज्याचा अभिमान मिरवला तो माणूस मेल्यानंतर पंधरा दिवसांत खोटा ठरेल.

तिनं बारावा सोडला. तेराव्याला हात घालणार तेवढ्यात भिकाजी पुढे वाकला आणि तोच रुपया त्यानं दोन बोटांत उचलला. नाणं न बघताच त्यानं अंगठा कडेवरून गोल फिरवला. एका जागी अंगठा थांबला.

“ह्यो माझो.”

“कशावयल्यान?” तिघंही एकदम म्हणाली.

“आवशीन कडी लावन गळ्यात घातललो. लहान आसताना तिच्या कडेर बसून मी ह्योच चघळी. कडी काढल्याचो हो पुळो बघ, फेट्याच्या बरोब्बर वर.” त्यानं सत्यवतीचं बोट धरून तिथं टेकवलं. मोहरीएवढा खडबडीतपणा होता. भिंगातून तिनं पंधरा चेहरे बघितले होते, कडा एकाचीही बघितली नव्हती.

“अरे मेल्या,” आत्याचा बांध फुटला, “माका कालपासून घास गिळूंक नाय! खूण ठावक होती तर इतको वेळ गप कित्या बसलंस?”

“कोणी इचारल्यान माका?” भिकाजी म्हणाला. “कडेचो पुळो माका रांगेतच दिसललो, पण बायचो नाद चल्ललो. मदीच कसो बोलू? मगे माझ्यान रवला नाय.” त्यानं रुपया लाल रुमालात ठेवून चार गाठी मारल्या. “शेट म्हणी, माझ्या चेडवाक नाणी वाजवताना एकदा बघ. म्हणी, धा वर्सां जाली, माझ्या कानाक काय्येक आयकाक येणा नाय. पोदेराचो भोंगोसुद्दा नाय. पण ती आयकता मगे? तिच्या तोंडाकडे बघला की माका कळता. ती खरो म्हणता तेवां तिचा तोंड कसा उजळता, तितकाच बघूक मी नाणी टाकतंय. ह्या घरात सांगा नको म्हणी, चेडवाक उगीच वाईट दिसतला.”

आत्या एकदम उठली. “पोदेराचो भोंगो,” ती म्हणाली. “आनी मी त्याका किती बोललंय गो.” पदर तोंडाला लावून ती चहा करायला आत गेली.

भिकाजी चहा पिऊन बाराच्या बसनं गेला. जाताना सत्यवतीला लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण देऊन गेला. बाबलीनं आपले चौदा सयाजीराव पिशवीत भरले, आणि दोन वेळा मोजून बघितले.

सत्यवती एकटीच राहिली. तिनं डब्यातून उदयपूरचा रुपया काढला. हा बाबलीकडे नव्हता, त्यामुळे याच्याबद्दल शंका नव्हती. वीतभर वरून तिनं तो काळ्या दगडावर सोडला. वाजला, वेळेवर गप झाला की नाही, ते काही तिला समजलं नाही. तिनं मान वर करून पाटाकडे बघितलं. दहा वर्षं दोघं समोरासमोर बसून एकमेकांचा चेहरा बघत होती, आणि मध्ये राजे उगाच आपटत होते.

वडलांना ऐकू येत नाही, हे आता तिला ठाऊक होतं. म्हणून ती जरा मोठ्यानंच बोलली. इतक्या मोठ्यानं, की आत आत्याची भांडी वाजायची थांबली.

“बाबा, माका कधीच काय आयकाक येय नाय होता. मी सगळा तुमच्या तोंडाकडे बघून सांगलंय.”